तीस वर्षं डब्यात

१९९० साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या चित्रपटांची दुसरी यादी जाहीर केली. पंचवीस नावं. त्यात 'द गॉडफादर' होता, आणि 'किलर ऑफ शीप' नावाचा एक कृष्णधवल सिनेमाही होता. गंमत अशी की हा दुसरा सिनेमा तोवर थिएटरात रीतसर प्रदर्शितच झालेला नव्हता! म्हणजे राष्ट्राचा ठेवा, पण राष्ट्राला तिकीट काढून बघायची सोय नाही.

हा सिनेमा चार्ल्स बर्नेटचा. जन्म १९४४, मिसिसिपीतला. लहानपणीच घरचे लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात आले. ऑगस्ट १९६५ मध्ये हेच वॉट्स पेटलं, सहा दिवसांत ३४ माणसं गेली. त्यानंतरच्या विद्यार्थी आंदोलनांच्या रेट्यामुळे लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठाने, म्हणजे यूसीएलएने, आपल्या फिल्म विभागाची दारं कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई आणि मूळनिवासी मुलांसाठी जरा किलकिली केली. त्या दारातून बर्नेट, इथिओपियाहून आलेला हैले गेरिमा, ज्यूली डॅश, बिली वुडबेरी अशी मंडळी आत शिरली. पुढे अभ्यासकांनी या सगळ्यांना मिळून 'एल.ए. रिबेलियन' असं भारदस्त नाव दिलं.

बंड कशाविरुद्ध? तर तिथून थोड्याच मैलांवर असलेल्या हॉलिवूडविरुद्ध. १९७१ चा 'शाफ्ट', १९७२ चा 'सुपर फ्लाय'... कृष्णवर्णीय नायक आला होता खरा, पण हातात पिस्तूल आणि अंगात लेदरचा कोट घालून. (त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तीही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. वर्षच तसं होतं म्हणायचं.) बर्नेटला मात्र आपल्या गल्लीतला माणूस दाखवायचा होता. दहा हजार डॉलरच्या आत, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर, शनिवार-रविवार गाठून, बरेचसे शेजारपाजारचे लोक घेऊन त्याने हे चित्रण केलं आणि १९७७ मध्ये पदवीचा प्रबंध म्हणून विद्यापीठात सादर केलं.

गोष्ट अशी फार नाहीच. स्टॅन कत्तलखान्यात काम करतो. झोप येत नाही, बायकोशी धड बोलणं होत नाही. एक प्रसंग मात्र विसरता येत नाही. स्टॅन आणि त्याचा मित्र पैसे मोजून गाडीचं जुनं इंजिन विकत घेतात, जीव काढून ते जिन्यावरून खाली आणतात, छोट्या ट्रकच्या मागे अगदी कडेला ठेवतात. ट्रक चढावर निघतो, इंजिन खाली पडतं आणि फुटतं. दोघं जरा वेळ बघतात आणि निघून जातात. संवाद जवळजवळ नाहीतच. गरिबीवर भाषण नाही, रडारड नाही. घामाचा पैसा रस्त्यावर पडून फुटला, बस.

मग हा सिनेमा अडला कुठे? गाण्यांपाशी. बर्नेटने त्यात पॉल रोबसन, डायना वॉशिंग्टन, लुई आर्मस्ट्राँग असं संगीत वापरलं होतं. कृष्णवर्णीयांच्या संगीताचा अर्धा इतिहासच त्यात येतो. वर्गात दाखवायला त्याची परवानगी कोण मागणार? पण थिएटरात लावायचं तर प्रत्येक गाण्याचे दोन हक्क सोडवावे लागतात, एक रचनेचा, एक ध्वनिमुद्रणाचा. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे दुखणं लगेच कळेल. प्रोग्रॅम उत्तम चालतो, पण आत कुणाच्या तरी लायसन्सचं लोढणं असल्यामुळे तो बाहेर देता येत नाही! तीस वर्षं हा सिनेमा महोत्सवांत, कॉलेजांत, संग्रहालयांत झिजत चाललेल्या प्रतींवर फिरला. १९८१ मध्ये बर्लिनला समीक्षकांचं बक्षीसही मिळालं. पण प्रदर्शन उजाडलं ते २००७ साली. यूसीएलएच्याच संग्रहाने ३५ मिलिमीटरवर नवी प्रत काढली, आणि गाण्यांचे हक्क सोडवायला दीड लाखाच्या आसपास डॉलर लागले. मूळ सिनेमाच्या किमान पंधरापट! तरीही शेवटचं एक गाणं मिळालं नाहीच, ते बदलावं लागलं. ते परत आलं २०२५ च्या नव्या आवृत्तीत.

गेरिमाची तऱ्हा वेगळी. त्याचा 'सान्कोफा' (१९९३) गुलामगिरीवरचा. घानाच्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यात फोटो काढून घेणारी आजची मॉडेल थेट मळ्यावरची गुलाम होऊन जागी होते. अमेरिकेत वितरक मिळेना. मग या पठ्ठ्याने वॉशिंग्टनमध्ये स्वतःच थिएटर भाड्याने घेतलं आणि सिनेमा लावला. तो चालला, म्हणून पुढच्या गावी, मग त्याच्या पुढच्या. आपल्याकडच्या तंबू थिएटरवाल्यांना शोभेल असा खटाटोप. पुढे त्या दोघा नवरा-बायकोंनी हॉवर्ड विद्यापीठासमोर याच नावाचं पुस्तकांचं दुकान टाकलं.

म्हणून २०१८ मध्ये 'ब्लॅक पँथर'ने शंभर कोटींहून जास्त डॉलर कमावले आणि 'आता कुठे कृष्णवर्णीयांचं खरं चित्रण सुरू झालं' असा गजर झाला, तेव्हा मला तो इतिहास म्हणून पटला नाही. चित्रण चाळीस वर्षांपूर्वीच झालं होतं. पण थिएटर, वितरण आणि हक्कांचे कागद दुसऱ्यांच्या हातात होते. आणि जे दिसलं नाही ते नव्हतंच, असं आपण धरून चालतो.

त्याच 'ब्लॅक पँथर'च्या दिग्दर्शकाला, रायन कूगलरला, ही गोम बरोबर कळलेली दिसते. २०२५ च्या 'सिनर्स'साठी त्याने वॉर्नर ब्रदर्सशी करार करताना एक कलम घालून घेतलं: पंचवीस वर्षांनी सिनेमाची मालकी परत माझ्याकडे. गोष्ट १९३२ सालच्या मिसिसिपीतली, स्वतःच्या मालकीचा संगीताचा अड्डा उघडणाऱ्या दोन जुळ्या भावांची. म्हणजे कागदावर जे मागितलं तेच पडद्यावर. हॉलिवूडच्या बड्या मंडळींत या कलमावरून बरीच कुजबुज झाली म्हणे. होणारच. मुदत २०५० ला भरेल.