छातीच्या फोटोचे चढउतार

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये दाखवला आणि विल्हेल्म रोंटगेनला १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. तेव्हापासून फुप्फुसाच्या क्षयाचे निदान करण्याच्या दोन वाटा झाल्या. एकीत रुग्णाच्या बेडक्यात सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधायचा, दुसरीत छातीचा फोटो काढून फुप्फुसावरचा डाग पाहायचा. यांतली कोणती वाट आधी धरावी, यावर सरकारी दवाखान्यांचे धोरण गेल्या शंभर वर्षांत दोनदा पालटले.

सुरुवातीला एक्स-रे ही मोठ्या इस्पितळांची आणि सॅनिटोरियमची चैन होती. प्रत्येक फोटोला छातीएवढी मोठी फिल्म लागे आणि ती महाग पडे. ही अडचण ब्राझीलमधील डॉक्टर मॅन्युएल द अब्रेऊ यांनी १९३६ मध्ये रिओ द जानेरोत सोडवली. क्ष-किरणांनी चमकणाऱ्या पडद्यावर छातीची जी प्रतिमा उमटते, तिचाच फोटो त्यांनी साध्या कॅमेऱ्याने छोट्या फिल्मवर घेतला. खर्च एकदम उतरला, वेगही वाढला. यंत्र गाडीत बसवून वस्तीत नेता येऊ लागले आणि खोकला नसलेल्यांचीही सरसकट तपासणी सुरू झाली. ब्राझीलमध्ये या फोटोला आजही अब्रेऊंच्याच नावाने ओळखतात.

ब्रिटनमध्ये अशी सामूहिक तपासणी १९४३ पासून सुरू झाली. तिचा कळस म्हणजे ग्लासगोची १९५७ ची मोहीम. पाच आठवडे, ३७ फिरती पथके आणि सात लाखांहून अधिक फोटो. लोकांनी यावे म्हणून बिल्ले वाटले गेले, बक्षिसांच्या सोडतीही निघाल्या. क्षय कमी झाला, पण त्याच काळात स्ट्रेप्टोमायसिन व आयसोनियाझिडसारखी औषधेही आली होती, त्यामुळे सगळे श्रेय गाड्यांना देता येत नाही.

भारताचे चित्र वेगळे होते. १९४६ च्या भोर समितीच्या अंदाजाने देशात सुमारे २५ लाख क्षयरुग्ण होते, वर्षाला पाच लाख मरत होते आणि खाटा जेमतेम सहा हजार होत्या. रोग नेमका किती व कुठे आहे, हे तपासण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ या काळात देशव्यापी नमुना पाहणी केली. त्यात एक्स-रेच्या गाड्या खेड्यापाड्यांत गेल्या. संशयास्पद फोटो हजारी सुमारे १५ निघाले आणि थुंकीत जंतू सापडलेले हजारी सुमारे ४. क्षय हा गिरणगावांचा, दाटीच्या शहरांचा रोग ही समजूत या पाहणीने मोडीत काढली. खेड्यांतले प्रमाण शहरांच्या तोडीचे निघाले. देशाचे बहुतेक रुग्ण अशा ठिकाणी होते, जिथे एक्स-रे यंत्र तर सोडाच, वीजही नव्हती.

१९५९ मध्ये बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तिथल्या डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेला तुमकूर जिल्ह्याचा अभ्यास या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणावा लागेल. पाहणीत सापडलेल्या क्षयरुग्णांना त्यांनी घरी जाऊन त्रासाविषयी विचारले. बहुतेकांना आपल्याला काही होते आहे हे ठाऊक होते. निम्म्याहून अधिक जण तर आधीच दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. रुग्ण दाराशी येत असताना त्याला शोधायला गाड्या पाठवण्यात काय हशील, हा प्रश्न मग टाळता येईना.

हा अभ्यास छापून येण्याआधीच, १९६२ मध्ये, राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची आखणी याच विचाराने झाली होती. छोट्या फिल्मवर फोटो घेणाऱ्या ओडेल्का कॅमेऱ्याचे एक्स-रे यंत्र जिल्हा क्षयरोग केंद्रात राहिले, तर तालुक्यात आणि खाली सूक्ष्मदर्शक गेला. एक्स-रेवर आणखीही एक आक्षेप होता. फोटो वाचणाऱ्या तज्ज्ञांचेच एकमत होत नसे. अमेरिकेत १९४० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत तेच फोटो पुन्हा दाखवले असता तज्ज्ञांनी आपलेच मत अनेकदा बदलले होते. शिवाय जुना, बरा झालेला क्षयही डाग ठेवून जातो. १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने गाड्यांतून होणारी सरसकट तपासणी बंद करण्याची शिफारस केली.

त्या परिस्थितीत ती शिफारस योग्यच होती, पण तिचे पुढे सोवळे झाले. १९९३ मध्ये चाचणी सुरू होऊन १९९७ पासून देशभर पसरत गेलेल्या सुधारित कार्यक्रमात थुंकीची तपासणी पहिली आणि एक्स-रे नंतरचा. थुंकीतला जंतू सूक्ष्मदर्शकाला दिसायचा तर तो मोठ्या संख्येने असावा लागतो. मुलांना बेडका काढता येत नाही, एचआयव्ही झालेल्यांच्या बेडक्यात जंतू कमी असतात. अशांचे निदान लांबत गेले.

एक्स-रे मागे पडल्याने किती रुग्ण सुटू शकतात, याचा हिशेब २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत मांडला गेला. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के केवळ छातीच्या फोटोमुळे हाती लागले; नुसती लक्षणे विचारली असती तर ते सुटले असते. दरम्यान फिल्मची जागा डिजिटल प्रतिमेने घेतली होती आणि हातात धरण्याजोगी यंत्रे आली होती. फोटो वाचणाऱ्या तज्ज्ञांच्या तुटवड्यावरही तोड निघाली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या चाळणीसाठी फोटो संगणकाने वाचायला मान्यता दिली. असे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांत २०१६ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्युअर डॉट एआय ही कंपनीही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये भारतात सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत लक्षणे नसलेल्या, पण जोखमीच्या लोकांचेही फोटो काढले गेले.

मात्र बॅनर्जी-अँडरसन यांचा जुना आक्षेप अजून निकाली निघालेला नाही. २०१९-२१ च्या पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी जवळपास ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते, म्हणजे रुग्ण आपणहून दाराशी येतो असे आता धरता येत नाही. पण नुसते शोधून काय हशील, हा प्रश्न उरतोच. फोटोत डाग दिसला तरी निदान थुंकीच्या रेणवीय चाचणीनेच पक्के करायचे असते. ती चाचणी आणि औषधांचा अखंड पुरवठा जिथे नाही, तिथे हातातले एक्स-रे यंत्र नेऊन संशयितांची यादी तेवढी लांबते.