तारेने धाडलेला ठसा

इंटरपोलची ९०वी आमसभा ऑक्टोबर २०२२मध्ये दिल्लीत भरली. भारत १९४९पासून या संघटनेचा सदस्य आणि सीबीआय हे तिचं इथलं केंद्र, एवढं स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही मार्गदर्शकात मिळतं. पण गुन्हेगार पकडण्याच्या आंतरराष्ट्रीय सहकार्यात भारताचा हात लागला तो या सदस्यत्वाच्या अर्धशतक आधी, १८९७च्या कोलकात्यात, बोटांच्या ठशांमुळे.

बोटांच्या ठशांची ओळखीची कथा एका दमात सांगून टाकू: १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला ब्रिटिश अधिकारी हर्शेलने कंत्राटदार राज्यधर कोनाईच्या हाताचा ठसा घेतला, पुढे ठशांचे अभ्यासक फॉल्ड्स आणि गाल्टन आले. ठसा घेणं सोपंच होतं. हजारो कागदांतून हवा तो हुडकायचा कसा, इथे घोडं अडलं होतं.

तोडगा निघाला बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या कचेरीत. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या आणि प्रत्येक बोटावर चक्र आहे की नाही, इतकंच बघायचं. एका जोडीच्या चार शक्यता, पाच जोड्यांच्या १०२४. बत्तीस उभ्या, बत्तीस आडव्या खणांचं कपाट केलं की कुठला कागद कुठे जाणार ते ठरलेलंच.

हे सुचलं कुणाला? रेल्वेत कागद हाताशी नसल्यामुळे हेन्रींनी ही कल्पना शर्टाच्या कफवर टिपली, अशी आख्यायिका आहे. असेलही. पण आकडेमोडीसाठी त्यांनी मुद्दाम प्रेसिडेन्सी कॉलेजातून आणलेला तरुण, अझिझुल हक, त्याच कचेरीत बसत होता. पुढे खुद्द हेन्रींनीच हकच्या वाट्याची कबुली दिली, आणि सरकारने हक व त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांना प्रत्येकी ५,००० रुपये दिले. कफ बाजूला ठेवलेला बरा.

१९०१ साली हेन्री स्कॉटलंड यार्डात गेले, पद्धतही सोबत गेली. १९०४च्या सेंट लुईस प्रदर्शनात यार्डाच्या सार्जंटने ती अमेरिकी पोलिसांना शिकवली.

इथे अर्जेंटिनाचे अभिमानी आडवे येतात, आणि त्यांच्याकडे दारूगोळा आहे. हुआन वुसेटिच यांच्या पद्धतीने १८९२मध्येच तिथे खुनाचा छडा लागला होता. १९०५ साली दक्षिण अमेरिकेतल्या पोलीस दलांनी माहितीच्या देवाणघेवाणीचा करारही केला. करारात ते पुढे, हे मान्यच करावं लागेल.

तरी बोसांचं एक पुस्तक कोलकात्याच्या पारड्यात टाकावंच लागतं. १९१६चं हे पुस्तक ठशांसाठी तारेची सांकेतिक भाषा देतं. कागद टपालाने पाठवायचा तर आगबोटीची वाट बघायची, तोवर आरोपी तिसऱ्याच बंदरात. ठसा अक्षरांत आणि आकड्यांत उतरवला तर तो तारेने आधी पोचतो. डेन्मार्कच्या हाकोन यॉर्गेनसेन यांचं याच विषयावरचं इंग्रजी पुस्तक १९२२चं. त्यांनी बोसांचं वाचलं असेलच असं नाही. दोघांना अडचण मात्र एकच होती. १९२३मध्ये व्हिएन्नात इंटरपोलची पूर्वज संघटना उभी राहिली. करार वरिष्ठांनी केले असतील, पण ठसा सीमेपार धाडण्याजोगा केला तो अशा कारकुनी डोक्यांनी.

हक खानबहादुर झाले, बोस रायबहादुर. पद्धत मात्र हेन्रींच्याच नावाने ओळखली जाते. निदान आपल्या पोलीस प्रशिक्षणाच्या पुस्तकांत तरी ती हेन्री-हक-बोस पद्धत म्हणून छापायला हवी.