तलाक, खुला आणि कोर्ट : कोणता कागद टिकतो?

बहुतेक घरांत हा विषय एका बाँड पेपरपासून सुरू होतो. मुलीचा मामा किंवा भाऊ तालुक्याला जाऊन कागद टाइप करून आणतो. "आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत", खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का. सगळ्यांना वाटतं, सुटलं एकदाचं. मग दुसऱ्या निकाहाची बोलणी निघतात किंवा पासपोर्टवरचं नवऱ्याचं नाव काढायची वेळ येते, आणि समोरचा विचारतो, कोर्टाचा हुकूम कुठे आहे?

नोटरी फक्त सही तुमचीच आहे एवढं सांगतो. निकाह मोडण्याचा अधिकार त्याला नाही. त्या कागदामागे शरियतप्रमाणे झालेला तलाक किंवा मुबारात असेल तर तो पुरावा म्हणून कामी येतो. नसेल तर नुसत्या शिक्क्याने काही होत नाही.

आधी पुरुषाच्या बाजूचं. एका दमात तीन वेळा तलाक म्हणणं सुप्रीम कोर्टाने 22 ऑगस्ट 2017 रोजी रद्द ठरवलं. 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तोंडी असो, चिठ्ठीवर असो की व्हॉट्सॲपवर, असा तलाक होतच नाही, निकाह कायम राहतो. तलाक-ए-अहसन आणि तलाक-ए-हसन या पद्धतींना तो निकाल लागू नाही. पण तिथेही "मी दिला" एवढं म्हणून भागत नाही. दगडू पठाण खटल्यात मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2002 मध्ये सांगितलं की तलाकला कारण हवं, आधी दोन्हीकडच्या माणसांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा, आणि हे सगळं पुराव्याने सिद्ध करावं लागतं. त्याच वर्षी शमीम आरा खटल्यात सुप्रीम कोर्टानेही म्हटलं की पोटगीच्या केसमध्ये जबाब देताना "मी तिला पूर्वीच तलाक दिलाय" असं लिहून टाकल्याने तलाक होत नाही. ही पळवाट आजही वापरली जाते, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता बायकोच्या बाजूचं, आणि इथे घाई सगळ्यात महाग पडते. नवरा त्रास देतो, खर्चाला देत नाही, तेव्हा जमातीतले वडीलधारे म्हणतात, "बेटी, खुला घे, मोकळी हो." खुल्यात साधारणपणे बायको मेहर सोडते किंवा परत करते. त्रास नवऱ्याचा आणि मेहर सोडायची हिने! ज्या बाईला खरंच काही न मागता बाहेर पडायचंय तिच्यासाठी खुला ठीक आहे. पण चूक नवऱ्याची असेल तर 1939 चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा तिच्या हाती आहे, आणि त्या कायद्याने निकाह तुटला तरी मेहरचा हक्क जात नाही. दोन वर्षं खर्च दिला नाही, तीन वर्षं सबबीशिवाय संसाराची जबाबदारी पाळली नाही, चार वर्षं नवऱ्याचा पत्ताच नाही, सात वर्षं किंवा जास्त शिक्षा लागली, मारहाण किंवा छळ केला, ही त्यातली मुख्य कारणं. छळात रोजची मारहाण येते, तसंच बायकोचा माल विकून टाकणं आणि तिला दीनावर चालू न देणंही येतं. नवरा बेपत्ता असेल तर हुकूम सहा महिन्यांनी लागू होतो, तोवर तो परतला आणि नांदवायला तयार झाला तर कोर्ट हुकूम रद्द करू शकतं.

दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर मुबारात. अटी लिहून काढायच्या, मेहर, मुलं, सामान सगळं त्यात घालायचं, आणि त्याच्या आधारे फॅमिली कोर्टाकडून "निकाह संपला" असं जाहीर करून घ्यायचं. हिंदू विवाह कायद्यातली सहा महिन्यांची थांबण्याची अट इथे नाही.

दारुल कझा किंवा काझी साहेबांचं काय? समेट घडवायला त्यांच्यासारखी जागा नाही, आणि घराण्याची अब्रूही राहते. पण 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही. खाजगी मंडळाने दिलेलं खुल्याचं प्रमाणपत्र मद्रास हायकोर्टाने 2023 मध्ये मानलं नाही. म्हणून तिथे जा, पण तिथेच थांबू नका.

फॅमिली कोर्ट नसेल तिथे जिल्ह्याच्या दिवाणी कोर्टात जायचं. सोबत निकाहनामा, आधार, मुलांचे जन्मदाखले, दवाखान्याची कागदं, पोलिसात तक्रार केली असेल तर तिची नक्कल. निकाहनामा सासरी अडकला असेल तर निकाह लावणाऱ्या काझींच्या रजिस्टरमधून नक्कल मागा. अर्ज दाखल झाल्यावर समन्स निघतं, मग समुपदेशक दोघांना बोलावतात. तिथे भांडायला जाऊ नका, खर्च आणि मुलांच्या भेटी यावर अर्धं काम तिथेच होऊ शकतं. नाहीच जमलं तर जबाब, पुरावा, उलटतपासणी. वकिलाची फी परवडत नाही म्हणून कुणी बसून राहू नये. बाईचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो. कार्यालय जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं.

पैशांचं. तलाकनंतर इद्दतीचा खर्च, मेहर आणि लग्नात मिळालेले दागिने-सामान हे 1986 च्या कायद्याने मिळतं. नवऱ्याने तिच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तजवीज इद्दतीच्या मुदतीतच करायची, असं डॅनियल लतीफी खटल्यात 2001 मध्ये ठरलं. शिवाय मॅजिस्ट्रेटकडे पोटगी मागता येते, मुस्लिम बाईलाही तो हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने जुलै 2024 मध्ये पुन्हा सांगितलं. मुलांच्या ताब्यात कोर्ट मुलाचं भलं आधी बघतं.

हुकूम हातात आला की त्याच्या प्रमाणित नकला दोन-तीन जास्तीच्या काढून ठेवा. एक अम्मीकडे, एक स्वतःकडे. मूळ नक्कल कुणाच्या हाती देऊ नका, भावाच्या सुद्धा.