सहा महिन्यांची भिंत

२००३ च्या उन्हाळ्यात ह्यांची कंपनीतर्फे लंडनला बदली झाली. सामानसुमान, पुस्तकं, मुलीची शाळा असे एकेक प्रश्न सुटत गेले. सुटेना तो एकच. बंड्याचं काय करायचं?

बंड्या म्हणजे आमचा कुत्रा. जातिवंत वगैरे काही नाही. एरंडवण्यात आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे सापडलेलं गावठी पिल्लू. ‘राहू दे माझ्याजवळ,’ असं सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांना तेव्हा पंचाहत्तरावं लागलं होतं. मुलीने सरळ सांगून टाकलं, ‘तो येणार नसेल तर मीही येणार नाही.’ झालं! बंड्याचं जायचं ठरलं.

आणि मग कळलं, की भारतातून ब्रिटनमध्ये नेलेला कुत्रा थेट घरी नेता येत नाही. विमानतळावरूनच त्याची रवानगी सरकारमान्य केनेलमध्ये होते आणि तिथे त्याने सहा महिने काढायचे. खर्च मालकाने सोसायचा. लस टोचलेली असो, कागदपत्रं चोख असोत, सहा महिने म्हणजे सहा महिने. हे क्वारंटाइन. आज २०२० नंतर हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा मला तो फक्त प्लेगच्या इतिहासातला वाटे. मी शाळेत इतिहास शिकवत होते. ‘साहेबाची जुनी खोड, दुसरं काय!’ असं म्हणून मी मोकळी झाले.

केनेल लंडनपासून ट्रेनने तासाभरावर होतं. पुढे बस, आणि त्यापुढे चिखलातून पायी. सिमेंटचा गाळा, समोर जाळीचं छोटंसं अंगण. आम्हाला आत जाऊन त्याच्याजवळ बसता येई, पण त्याला बाहेर नेता येत नसे. पहिल्या शनिवारी बंड्या भुंकलाच नाही. माझ्या पर्सला नाक लावून कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. पर्सला पुण्याच्या घराचा वास असावा. परतताना ट्रेनमध्ये मुलगी खिडकीकडे तोंड करून बसली होती. मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

पहिले काही महिने लंडन म्हणजे माझ्यासाठी तेवढा एकच रस्ता होता. संक्रांतीला महाराष्ट्र मंडळात गेलो, तर तिळगूळ देताना ओळखीचे लोक विचारत, ‘सुटला का तुमचा बंड्या?’ जणू कुणी नातेवाईक तुरुंगात होता!

दर शनिवारी तिथे एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ भेटत. मुलीचा कुत्रा केनियाहून आला होता, त्याला भेटायला ते येत. एकदा मी वैतागून त्यांना म्हटलं, ‘हा कायदा काय दगडाचा आहे का?’ ते शांतपणे म्हणाले, ‘मी प्लिमथचा. आमच्या गावाला हा कायदा का आहे ते चांगलं माहीत आहे.’ आणि त्यांनी वडिलांकडून ऐकलेली हकीकत सांगितली. त्या दिवसानंतर मी आमच्या भागातल्या वाचनालयात जाऊन या विषयावरची पुस्तकं काढायला लागले. त्या शहरात मला हक्काची वाटलेली ती पहिली जागा.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पिसाळलेला कुत्रा ही रोजच्या भीतीची गोष्ट होती. १८८५ मध्ये पॅरिसला लुई पाश्चर यांनी जोसेफ मेस्टर या मुलाला लस टोचून वाचवलं, पण कुत्र्यांमधला रोग तसाच होता. १८९७ पासून कृषी मंडळाचे अध्यक्ष वॉल्टर लाँग यांनी रोगाच्या भागात कुत्र्यांना मुसकी बांधण्याची सक्ती कडकपणे राबवली. श्वानप्रेमी खवळले. लाँगसाहेबांना लोकांचे पुष्कळ शिव्याशाप खावे लागले. पण १९०२ पर्यंत देशातून रेबीज नाहीसा झाला. तो पुन्हा शिरू नये म्हणून बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना सहा महिने वेगळं ठेवण्याचा नियम आला.

सहाच महिने का? कारण हा रोग लपून बसतो. चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा दोन-तीन महिने जातात, क्वचित त्याहून बरेच जास्त. जिवंत कुत्र्याच्या अंगात तो दडलेला आहे की नाही, हे सांगणारी खात्रीची तपासणी नव्हती. तेव्हा वाट पाहणं हीच तपासणी.

आता त्या आजोबांचं प्लिमथ. पहिल्या महायुद्धातून घरी परतणाऱ्या सैनिकांनी खंदकांत जीव लावलेली कुत्री चोरून बरोबर आणली. कुणी कोटात लपवलं असेल, कुणी पडशीत. त्यांचा काय दोष द्यायचा? ज्या जिवाने मरणाच्या दारात सोबत केली, त्याला मागे कसं टाकायचं? पण त्यांच्यातल्याच कुणाबरोबर रोग आला. १९१८ मध्ये प्लिमथच्या परिसरात रेबीज पुन्हा उगवला, आणि तो निपटून काढायला १९२२ उजाडलं. तोवर तीनशेहून अधिक जनावरं, त्यांतही मुख्यतः कुत्रीच, त्याला बळी पडली होती. प्रेमापोटी केलेल्या एका चोरीची ही किंमत. आजोबांच्या वडिलांनी लहानपणापासून सांभाळलेली कुत्री त्यांत गेली होती.

पुढे १९६९ मध्ये सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली इथे आणखी एक धक्का बसला. जर्मनीहून आलेला फ्रिट्झ नावाचा कुत्रा सहा महिने पुरे करून बाहेर पडला आणि दहाच दिवसांत पिसाळला. जवळच्या माळरानावरचे कोल्हे आणि इतर वन्य प्राणी मारले गेले. मग बंधनं सैल होण्याऐवजी आवळलीच गेली.

हे वाचत असताना मला माझं लहानपण आठवलं. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. मी आठ वर्षांची असताना एका भटक्या कुत्र्याने माझ्या पोटरीचा लचका तोडला. त्याच दिवशी त्याने आमच्या शेतावरच्या गड्यालाही चावा घेतला होता. वडिलांनी मला तालुक्याला नेलं. बेंबीच्या आजूबाजूला रोज एक अशी चौदा इंजेक्शनं! माझ्या वयाच्या मंडळींना ती आठवत असतील. १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेम्पल यांनी तयार केलेली ही लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत. भारतात ती अगदी २००४ पर्यंत वापरात होती. गड्याने मात्र जखमेत मिरचीपूड भरली आणि तो कामाला लागला. दोन महिन्यांनी त्याला पाण्याचा पेला पुढे केला, की त्याचा घसा आवळायचा. आईने आम्हा मुलांना त्या बाजूला फिरकू दिलं नाही. पण त्याचा आवाज ऐकू यायचा. तो मी अजून विसरलेले नाही.

मग मला प्रश्न पडला, की मी रागावले होते ते कुणावर? ज्या भीतीने ही भिंत उभी राहिली होती, ती भीती मी कुत्र्याच्या पट्ट्याबरोबर घरूनच घेऊन आले होते. आमच्या गावाला अशी भिंत मिळाली असती, तर तो गडी म्हातारा झाला असता.

अर्थात भिंत कायमची असावी असंही नाही. ब्रिटनमध्येच १९९० च्या दशकात तिच्याविरुद्ध चळवळ सुरू झाली. ब्रिटिश राजदूताची पत्नी म्हणून पॅरिसला राहिलेल्या लेडी मेरी फ्रेटवेल तिच्यात पुढे होत्या. हाँगकाँगचे शेवटचे गव्हर्नर ख्रिस पॅटन यांनी १९९७ मध्ये परतताना व्हिस्की आणि सोडा ही आपली दोन कुत्री इंग्लंडला न आणता फ्रान्समधल्या घरी ठेवली. गव्हर्नरालाही सूट नाही! पण नियम बदलला तो विज्ञानामुळे. लस लागू पडली आहे का, हे रक्ताच्या तपासणीतून कळू लागलं होतं, आणि तपासलेला कुत्रा तो हाच, हे कातडीखालच्या मायक्रोचिपवरून सिद्ध करता येत होतं. १९९८ मध्ये प्राध्यापक इयन केनेडी यांच्या समितीने बदलाची शिफारस केली आणि २८ फेब्रुवारी २००० पासून युरोपातल्या काही देशांच्या कुत्र्यांना ‘पासपोर्ट’ मिळाला. भारताचं नाव त्या यादीत नव्हतं. आपली पाळी १ जानेवारी २०१२ ला आली.

बंड्या फेब्रुवारी २००४ मध्ये सुटला. पहिल्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायलाच तयार नव्हता. अंगणापलीकडे जग असतं हे तो विसरला असावा. आठवड्याभरात मात्र गल्लीतला प्रत्येक खांब त्याने आपला करून टाकला. आणि गंमत म्हणजे, सहा महिने नुसती मान हलवून जाणारे शेजारी थांबून बोलायला लागले. ‘जात कुठली याची?’ ‘पुणेकर!’ मुलगी ऐटीत सांगायची. लंडनमधल्या माझ्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी बंड्याने जोडून दिलेल्या आहेत. केनेलमधल्या आजोबांकडेही आम्ही त्याला घेऊन जात असू, ते असेपर्यंत. बंड्या पुढे दहा वर्षं जगला आणि त्याच मातीत गेला.

गेल्या वर्षी माझी भाची आपली कुत्री घेऊन लंडनला गेली. मायक्रोचिप, लस, किमान तीस दिवसांनी रक्ततपासणी, ती चांगली आली तर रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं, निघण्याआधी जंतांचं औषध. हे थांबणं आपल्याच घरी, आपल्याच अंथरुणाशेजारी. हीथ्रोला उतरल्याच्या दिवशीच कुत्री तिच्या घरात झोपली. फोनवर भाची म्हणाली, ‘मावशी, किती कटकट गं ही!’ मी तिला माझ्या बंड्याची गोष्ट सांगितली, आणि त्या गड्याचीही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात आजही दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजने मरतात, बहुतेक सगळी आशिया आणि आफ्रिकेतली. पण आपल्या शेजारच्या गोव्याने गावोगावच्या भटक्या कुत्र्यांना पकडून लस टोचण्याची मोहीम वर्षानुवर्षं नेटाने चालवली, आणि तिथे हा रोग कमालीचा ओसरला. म्हणजे भिंत बंदरावरच बांधावी लागते असं नाही. ती गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याच्या रक्तात बांधता येते. तिथे बांधली, तर कुठल्याच बंड्याला सहा महिने जाळीमागे काढावे लागणार नाहीत, आणि कुठल्याच गड्याला पाण्याचं भय वाटणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)