जर्सी, वैर आणि मदतनिधी : कॅनडाच्या हॉकीतील एका परंपरेविषयी

खेळांचा इतिहास बहुधा अजिंक्यपदांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ज्या सामन्याचा निकाल कोणत्याही गुणतक्त्यात नोंदला जात नाही, त्याला या इतिहासात फार तर तळटीपेची जागा मिळते. मदतनिधीसाठी खेळला जाणारा प्रदर्शनीय सामना हा असा तळटीपेतला प्रकार होय. परंतु एखादा समाज आपल्या खेळाकडून काय मागतो आणि खेळाडूला काय देऊ करतो, हे अजिंक्यपदाच्या लढतीपेक्षा अशा सामन्यातून अधिक स्पष्ट होते. कॅनडातील बर्फावरच्या हॉकीच्या काही प्रसंगांच्या आधारे हे तपासून पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

मराठी वाचकाला हा प्रकार सर्वस्वी अपरिचित नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग आपल्या रंगभूमीच्या इतिहासात आजही दंतकथेसारखा सांगितला जातो. केशवराव भोसले आणि बालगंधर्व हे दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे प्रमुख नट एका रंगमंचावर आले, आणि त्यांच्यातील स्पर्धा हेच त्या प्रयोगाचे मोठे आकर्षण ठरले. मदतीच्या कार्यक्रमात स्पर्धा बाजूला ठेवली जाते अशी आपली समजूत असते; प्रत्यक्षात निधी उभा राहतो तो स्पर्धेच्याच भांडवलावर. कॅनडाच्या हॉकीत ही गोष्ट अधिक उघडी पडते, कारण तेथील स्पर्धेला शारीरिक इजेची जोड आहे.

गोलरक्षक धरून प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू, पायांत पोलादी पात्यांचे बूट, चेंडूऐवजी रबराची कठीण चकती, आणि प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देण्याची नियमांनीच दिलेली मुभा, असे या खेळाचे स्वरूप आहे. १९६१ साली क्वेबेकचे लेखक ह्यूबेर आकँ यांनी खेळांविषयी एक माहितीपट केला. त्याचे निवेदन रोलाँ बार्थ यांनी लिहिले होते, आणि बैलझुंज, मोटारशर्यत, सायकलशर्यत व फुटबॉल यांच्या पंगतीत तेथे बर्फावरची हॉकीही होती. बार्थसारख्या चिन्हमीमांसकाला या खेळात रस वाटावा हे स्वाभाविक आहे. येथे प्रत्येक वस्तू चिन्ह होऊन बसलेली असते, आणि त्यांत सर्वांत बोलके चिन्ह म्हणजे जर्सी. रॉक कॅरिए यांची १९७९ मधील 'हॉकी स्वेटर'ची कथा कॅनडात घरोघरी ठाऊक आहे. मॉन्ट्रियलच्या मॉरिस रिशारला दैवत मानणाऱ्या क्वेबेकमधल्या एका खेड्यातील मुलाला टपालाने चुकून टोरांटोची जर्सी येते आणि आपल्याच सवंगड्यांत तो परका होतो. कथा विनोदी आहे, परंतु जर्सी बदलली की माणूस बदलतो, हा तिच्या तळाशी असलेला समज विनोदी नाही. मदतसामन्याचा सारा विधी या समजाभोवतीच फिरतो.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध सामन्याचा उगम एका अपघातात आहे. १२ डिसेंबर १९३३ रोजी बोस्टन येथे बोस्टन ब्रुइन्स आणि टोरांटो मेपल लीफ्स यांचा सामना चालू होता. टोरांटोच्या किंग क्लॅन्सीने बोस्टनच्या एडी शोरला खाली पाडले. उठलेल्या शोरने समोर दिसलेल्या टोरांटोच्या खेळाडूला मागून धडक दिली. तो खेळाडू होता एस बेली, १९२८-२९ च्या हंगामात सर्वाधिक गुण मिळवणारा आघाडीपटू. बेलीचे डोके बर्फावर आपटले आणि कवटी फुटली. त्याच क्षणी टोरांटोच्या रेड हॉर्नरने ठोसा मारून शोरला बेशुद्ध पाडले. बेलीवर दोन शस्त्रक्रिया झाल्या. तो वाचला, मात्र पुन्हा कधी खेळू शकला नाही. शोरवर १६ सामन्यांची बंदी घालण्यात आली.

१४ फेब्रुवारी १९३४ रोजी टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये बेलीच्या मदतीसाठी सामना झाला. एका बाजूला मेपल लीफ्स आणि दुसऱ्या बाजूला लीगमधील इतर संघांतून निवडलेला संघ. त्या निवडक संघात एडी शोरही होता. चौदा हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. सामन्यापूर्वी बेलीने शोरशी हस्तांदोलन केले आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमले. टोरांटोने सामना ७-३ असा जिंकला आणि सुमारे २१ हजार डॉलर जमा झाले. बेलीची ६ क्रमांकाची जर्सी निवृत्त करण्यात आली. नॅशनल हॉकी लीगमध्ये एखाद्या खेळाडूचा क्रमांक अशा रीतीने कायमचा राखून ठेवण्याची ही पहिलीच वेळ होती.

या प्रसंगाचे वर्णन बहुतेकदा क्षमेची कथा म्हणून केले जाते, आणि ते चुकीचे नाही. परंतु शोर आला नसता तर तो सामना निव्वळ वर्गणी गोळा करण्याचा कार्यक्रम ठरला असता. ज्याने इजा केली त्याने सर्वांसमक्ष हात पुढे करावा आणि ज्याला इजा झाली त्याने तो हाती घ्यावा, हे दृश्य पाहण्यासाठीही तिकिटे विकली गेली. दुसरी गोष्ट अशी की बेलीचे पुढचे आयुष्य कशावर चालायचे, हा प्रश्न एका संध्याकाळच्या गल्ल्यावर सोपवण्यात आला. इजा मैदानावर, नोकरीच्या ओघात झालेली होती. तिची भरपाई मात्र हक्क म्हणून न येता लोकांच्या सहृदयतेची देणगी म्हणून आली.

पुढील दोन सामन्यांतही हाच आकृतिबंध दिसतो. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा हाऊई मोरेन्झ हा त्या काळातील सर्वांत लोकप्रिय खेळाडू. जानेवारी १९३७ मध्ये सामन्यात त्याचा पाय मोडला आणि ८ मार्चला रुग्णालयातच त्याचे निधन झाले. त्याची अंत्यविधीची प्रार्थना तो जेथे खेळला त्या फोरममध्येच झाली. नोव्हेंबरमध्ये त्याच्या कुटुंबासाठी सामना झाला, तेव्हा कॅनेडियन्स आणि मॉन्ट्रियल मरून्स यांनी मिळून एकच संघ उभा केला. फ्रेंचभाषकांचा संघ म्हणजे कॅनेडियन्स, इंग्रजीभाषकांचा म्हणजे मरून्स, अशी त्या शहराची विभागणी होती. तिच्या दोन्ही बाजू एका संध्याकाळपुरत्या एका पक्षाला उभ्या राहिल्या. लीगच्या निवडक संघाने त्यांना ६-५ असे हरवले. मरून्सचा तो अखेरचा हंगाम ठरला; १९३८ नंतर तो संघ उरला नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये कॅनेडियन्सचा नवनियुक्त प्रशिक्षक बेब सीबर्ट ह्यूरन सरोवरात बुडून मरण पावला. घरी अर्धांगाने आजारी पत्नी आणि दोन मुली होत्या. त्यांच्यासाठी ऑक्टोबरमध्ये पुन्हा एक सामना खेळावा लागला. प्रत्येक आपत्तीला एक सामना, असा जणू अलिखित नियमच झाला.

या नियमाला संस्थेचे रूप आले ते १३ ऑक्टोबर १९४७ रोजी, वार्षिक निवडक संघाच्या सामन्याने. उत्पन्नाचा दोन-तृतीयांश भाग खेळाडूंच्या निवृत्तिवेतन निधीला आणि एक-तृतीयांश स्थानिक धर्मादाय कामांना, अशी वाटणी ठरली. त्या पहिल्याच सामन्यात शिकागोच्या बिल मोसिएन्कोचा घोटा मोडला. इजाग्रस्तांच्या भविष्यासाठी खेळलेल्या सामन्यानेच नवा इजाग्रस्त निर्माण करावा, हा दैवाचा उपरोधच म्हणायचा. निवृत्तिवेतन मात्र आता हक्काचे झाले होते, निदान कागदावर. तो हक्क खरा करून घेण्यासाठी पुढे कार्ल ब्रूअर, गॉर्डी हाऊ आदी वृद्ध खेळाडूंना न्यायालयात जावे लागले. निधीतील वाढावा खेळाडूंचाच आहे असा निर्णय ऑन्टारिओच्या न्यायालयाने १९९२ मध्ये दिला.

हा झाला व्यावसायिक खेळाडूंचा इतिहास. ज्युनियर हॉकीत, म्हणजे साधारण सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या खेळात, या परंपरेचे चित्र उलटे होते. येथे मुलगा मदत घेणारा नसून देणारा असतो. ज्युनियर हॉकीचा सर्वोच्च करंडकच मुळी स्मारक आहे: पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये ऑन्टारिओ हॉकी असोसिएशनने मेमोरियल कप सुरू केला. खेळणाऱ्या मुलांच्या वयाचीच कितीतरी मुले त्या युद्धात गेली होती. पुढे कॅम्लूप्स येथे १९९३ मध्ये सुरू झालेली प्रथा आज सर्वत्र रुळली आहे: यजमान संघाचा पहिला गोल होताच प्रेक्षक हजारो कापडी अस्वले बर्फावर फेकतात आणि ती गरजू मुलांना वाटली जातात. येथेही स्पर्धा थांबवलेली नसते. गोल झाल्याखेरीज खेळण्यांचा वर्षाव नाही.

परंतु देणाऱ्या या मुलांच्या पदरी काय असते? घर सोडून ती दूरच्या लहान गावांत येतात, तेथील कुटुंबांच्या घरी राहतात, आणि हिवाळाभर बसने शेकडो किलोमीटर हिंडतात. ज्युनियरच्या सर्वांत वरच्या श्रेणीतील खेळाडूंना किमान वेतन मिळावे यासाठी २०१४ मध्ये सामूहिक दावा दाखल झाला, तेव्हा अनेक प्रांतांनी कायदा बदलून या खेळाडूंना किमान वेतनाच्या तरतुदीतून वगळले. खेळाडू हा कामगार नसून विद्यार्थी आहे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. धोका मात्र कामगाराचाच राहिला. ३० डिसेंबर १९८६ रोजी स्विफ्ट करंट ब्रॉन्कोसची बस घसरून चार मुले गेली. १९८९ मध्ये याच संघाने मेमोरियल कप जिंकला.

६ एप्रिल २०१८ रोजी सस्कॅचेवान प्रांतातील हम्बोल्ट ब्रॉन्कोसची बस निपाविन हॉक्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्याला निघाली होती. थांब्याची खूण ओलांडून आलेल्या ट्रकशी तिची टक्कर झाली. दहा खेळाडूंसह १६ जण मरण पावले, १३ जखमी झाले. बाद फेरीसाठी संघातील मुलांनी एकसारखे केस रंगवले होते. त्यातून मृतांपैकी एकाची आणि जखमींपैकी एकाची ओळख अदलाबदल झाली. संघाशी एकरूप होणे म्हणजे काय, याचा इतका भीषण अर्थ कोणत्याही कथाकाराने कल्पिला नसता. काही दिवसांतच देशभर लोकांनी दारांत हॉकीच्या काठ्या उभ्या करून ठेवल्या, आणि १२ एप्रिलला शाळा-कचेऱ्यांत माणसे आपापल्या संघाच्या जर्सी घालून गेली. कॅरिएच्या कथेत जी जर्सी माणसाला परके करते, तीच या दिवशी परक्यांना जवळ आणत होती. लोकवर्गणीतून दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. न्यायालयाने मंजूर केलेल्या वाटपानुसार प्रत्येक मृताच्या कुटुंबाला ५ लाख २५ हजार आणि वाचलेल्या प्रत्येकाला ४ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. वाचलेल्यांपैकी काही चाकांच्या खुर्चीला कायमचे जखडले गेले होते, काही पुन्हा खेळू शकणार होते. वर्गणीच्या वाटपाने मात्र सर्वांना एकाच मापाने मोजले. देणगीच्या पैशाला दुःखाची प्रतवारी लावता येत नाही, आणि लावू गेल्यास ती क्रूर ठरते. प्रतवारी हे भरपाईच्या कायद्याचे काम आहे. दयेकडून ते होत नाही.

लीगने हंगाम पूर्ण करण्याचे ठरवले, आणि अजिंक्यपद निपाविनने मिळवले. १२ सप्टेंबर २०१८ रोजी नव्या हंगामातील हम्बोल्टचा पहिला सामना त्यांच्याच घरच्या रिंकवर झाला, तो याच निपाविन हॉक्सविरुद्ध. अपघातातून वाचलेले दोन खेळाडू त्या दिवशी बर्फावर उतरले. निपाविनने सामना २-१ असा जिंकला. शोकाकुल यजमानांना सामना सोडून देण्याचा मोह पाहुण्यांना झाला असता तर कोणी त्यांना बोल लावला नसता. परंतु प्रतिस्पर्ध्याला मनापासून खेळून हरवणे हाच त्याचा सन्मान, हे त्या मुलांनी ओळखलेले दिसते.

१९३४ च्या हस्तांदोलनापासून २०१८ च्या या निकालापर्यंत प्रतिस्पर्धी संघांनी संकटात एकमेकांना जे दिले ते अस्सल आहे, यात शंका नाही. त्यांच्याकडून जे अपेक्षिले जाऊ नये, तेही त्याच इतिहासात नोंदलेले आहे. मार्च २०१९ पासून सस्कॅचेवानमध्ये ट्रकचालकांना किमान प्रशिक्षण सक्तीचे झाले. या नियमासाठी कोणी तिकीट काढले नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मदतसामन्याचे मोठेपण मान्य करूनही, प्रत्येक मदतसामन्यामागे न झालेला असा एखादा नियम, न दिलेला असा एखादा हक्क दडलेला असतो का, हे विचारत राहणे हे इतिहासकाराचे काम आहे. आणि संहितेतील मौन वाचण्याची सवय असलेल्या वाङ्मयाच्या अभ्यासकाचेही.