मुकुटाखालचा माणूस

श्रोतेहो, जत्रेतल्या तंबूत बसून ज्यांनी सिनेमे पाहिले, त्या पिढीला शाहू मोडक कोण हे सांगावे लागत नाही. मोरपीस, बासरी आणि ते मंद हसू! पडद्यावरचा श्रीकृष्ण म्हणजे शाहू मोडक, हे समीकरणच होऊन बसले होते. पण आज बोलायचे आहे ते त्या मुकुटाखाली झाकून गेलेल्या नटाविषयी.

मोडकांचा जन्म १९१८ सालचा, अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. १९३२ साली मराठी बोलपट नुकता बोलू लागला होता. उसना आवाज घेण्याची सोय तेव्हा नव्हती; ज्याने दिसायचे त्यानेच गायचे. अशा वेळी देखणा आणि गोड गळ्याचा मुलगा म्हणजे सोन्याचा तुकडाच. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये हा चौदा वर्षांचा मुलगा कृष्ण झाला आणि मुंबईत तो बोलपट पंचवीस आठवडे चालला. पुढच्याच वर्षी ‘औट घटकेचा राजा’मध्ये त्याने दुहेरी भूमिकाही केली.

मग आले १९३९ साल. पुण्याच्या प्रभात कंपनीत व्ही. शांताराम ‘माणूस’ काढीत होते. त्यात मोडकांना मिळाला गणपत, एक साधा पोलीस शिपाई. छाप्याच्या वेळी तो मैना नावाच्या वेश्येला वाचवतो, तिच्यावर जीव लावतो आणि तिला आपल्या घरची सून करू पाहतो. मैना झाल्या होत्या शांता हुबळीकर. गणपतला प्रेमही सुटत नाही आणि गणवेशही सुटत नाही. तो बुजतो, चिडतो, हरतो. हे सारे एकवीस वर्षांच्या तरुणाने असे उभे केले, की नट दिसेनासा होऊन शिपाईच दिसावा. पुढच्याच वर्षी दामले आणि फत्तेलाल यांच्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरांची शांत भूमिका केली. एका वर्षाच्या अंतराने ही दोन टोके! एवढा ज्याचा पल्ला, त्याच्यासाठी पुढे काय काय लिहिले जायला हवे होते!

पण झाले उलटेच. ज्ञानेश्वर लोकांच्या मनात राहिले, गणपत मागे पडला. १९४२ साली ‘भरत मिलाप’मध्ये ते भरत झाले, १९५७ साली नरसी भगत झाले, आणि श्रीकृष्ण तर पंचविसांहून अधिक वेळा. पौराणिक चित्रपट गावोगाव हमखास चालत. पैसा घालणाऱ्याला खात्रीचा चेहरा हवा होता, तो मोडकांचा होता.

यात वाईट काय, असे कुणी विचारील. कृष्ण काही लहान भूमिका नव्हे, आणि लाखोंना त्यांनी आनंद दिला. खरे आहे. पण या चित्रपटांतल्या देवाला पुढचे सगळे आधीच ठाऊक असते. तो चुकत नाही, डगमगत नाही. त्याने हसायचे आणि हात वर करायचा. नटाचे खरे काम सुरू होते ते माणूस डगमगतो तिथे, आणि तेच काम मोडकांच्या वाट्याला पुन्हा फारसे आले नाही. ११ मे १९९३ रोजी ते वारले, तेव्हाही लोकांना आठवला तो कृष्णच.

दोष एकट्या निर्मात्यांचा नव्हे. आपणही हात जोडले, पण ‘या नटाला आणखी काय येते?’ हे कधी विचारले नाही. गुरुजी, बाई, तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनातही एखादा गोरागोमटा मुलगा दरवर्षी कृष्णच होत असेल. यंदा त्याला शेतकरी करून पाहा, पोस्टमन करून पाहा, भांडखोर शेजारी करून पाहा. कुणी सांगावे, त्याच्यातही एखादा गणपत दडलेला असेल.