उरलेल्या मातीचं मोल

आज आपण जरा लांबच्या गावाला जाऊ या. युरोपात पोर्तुगाल नावाचा देश आहे. त्याच्या उत्तर भागात कावादो नदीच्या काठावर बार्सेलोस हे शहर आहे. तिथल्या नगरपालिकेत आजूबाजूची कितीतरी खेडीही येतात. आपल्या तालुक्यासारखंच म्हणा ना.

नदीवर चौदाव्या शतकातला दगडी पूल आहे. पुलापाशीच उंचावर जुन्या सरदारांच्या वाड्याचे अवशेष आहेत. वाड्याच्या उघड्या आवारात जुने कोरीव दगड मांडून ठेवलेत. त्यातल्या एका दगडी क्रुसावर कोंबडा कोरलेला आहे. त्याची गोष्ट तिथली आजी नातवंडांना सांगते. एका यात्रेकरूवर खोटा आळ आला आणि त्याला फाशीची शिक्षा झाली. न्यायाधीश जेवायला बसले होते. ताटातल्या भाजलेल्या कोंबड्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "मी निर्दोष असेन तर हा आरवेल." फाशीच्या वेळी कोंबडा खरंच आरवला आणि त्याचा जीव वाचला. ही दंतकथाच, पण आज काळ्या अंगाचा, लाल तुऱ्याचा हा मातीचा कोंबडा साऱ्या पोर्तुगालची खूण झाला आहे.

दर गुरुवारी तिथे मोठा बाजार भरतो. भाजी, कोंबड्या, कापड, टोपल्या आणि मडकी, सगळं एकाच मैदानात. मे महिन्याच्या सुरुवातीला क्रुसांचा उत्सव असतो. तेव्हा चर्चमध्ये फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे घालतात. आपल्याला रांगोळीच आठवेल.

आता खरी गोष्ट. आसपासच्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या कुंभारकाम चालतं. चाकावरची मोठी भांडी बहुतेक पुरुष घडवत. उरलेल्या मातीतून बायका आणि मुलं हाताने छोट्या बाहुल्या, जनावरं, शिट्ट्या करत. भट्टीत भांड्यांच्या मधे जी फट राही, तिथे त्या भाजायला ठेवत. वेगळं सरपण लागत नसे. बाजारात त्या चार पैशांना विकल्या जात. कोणी केल्या, हे कोणी विचारत नसे.

अशाच एका खेड्यात १८८८ साली रोझा रमाल्यो जन्मली. बाप चांभार, आई विणकर. लहानपणीच ती मातीची चित्रं करायला शिकली. अठराव्या वर्षी तिचं एका पीठगिरणीवाल्याशी लग्न झालं. पुढे सात मुलं, घर, गिरणी. माती सुटली ती जवळजवळ पन्नास वर्षं. नवरा गेल्यावर, अडुसष्टाव्या वर्षी, रोझाबाईंनी पुन्हा मातीत हात घातला. हात विसरले नव्हते. माणसाचं तोंड असलेली जनावरं, शिंगवाले राक्षस, संत, येशू, जे मनात येईल ते त्या घडवू लागल्या. एका चित्रकाराची नजर त्यावर पडली आणि देशभर त्यांचं नाव झालं. त्या आपल्या कामावर आपल्या नावाची दोन अक्षरं उमटवत. तिथल्या मातीच्या चित्रकारांमध्ये स्वतःच्या नावाने ओळखल्या गेलेल्या त्याच पहिल्या, असं मानतात. १९७७ साली त्या वारल्या. त्यांची नातही पुढे तेच काम करू लागली. २०१७ साली युनेस्कोने हस्तकला आणि लोककलेसाठी बार्सेलोसला सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं. ज्याला उरलंसुरलं काम म्हणत, त्यानेच गावाचं नाव जगात नेलं.

सख्यांनो, आपल्याही घरात असं काम असतं. गोधडी, पापड, मसाला, सुपल्या. "फावल्या वेळात करते" असं म्हणून आपणच त्याची किंमत कमी करतो. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं विचारू या : आपल्या मालावर आपलं नाव आहे का? आणि वय झालं म्हणून कोणाच्या हातातली कला घरातच पडून आहे का? असेल, तर तिला आपणच बोलावून आणू या.